बहीण येते, भावाला जाता येत नाही: कॅनडा-अमेरिका सीमेवरचा नात्यांचा जमाखर्च

दिवाळीनंतरच्या आठवड्यात टिळकवाडीतल्या एका ओळखीच्या घरी फराळाला गेलो होतो. घरात काकू एकट्याच असतात. मुलगा कॅनडात टोरंटोला, मुलगी अमेरिकेत बफेलोला. दोन घरांत अंतर किती, तर जेमतेम एकशेसाठ किलोमीटर. बेळगावहून निघून कोल्हापूर ओलांडून थोडं पुढं जावं, एवढंच. पण काकू नाराज होत्या. म्हणाल्या, "यंदाची भाऊबीज धरून सलग तीन वर्षं तीच गेली बघा त्याच्याकडं. नवऱ्याला, पोरांना गाडीत घालून. भाऊबिजेला भावानं बहिणीच्या दारात जायचं असतंय, का बहिणीनं भावाच्या? पैसे वाचवायलाय, दुसरं काय!"

मुलगीही फोनवर तेच बोलली होती म्हणे. "दर वेळी मीच का?" हा तिचा प्रश्न.

आता खरी गोष्ट अशी आहे की मुलगा कंजूस नाही. त्याच्याकडं भारतीय पासपोर्ट आहे आणि कॅनडाचा कायमचा रहिवास, म्हणजे ज्याला सगळे पीआर म्हणतात तो आहे. मुलीकडंही भारतीय पासपोर्टच आहे आणि अमेरिकेचं ग्रीन कार्ड आहे. दोघांची कागदावरची पायरी जवळपास सारखी. पण मुलीला कॅनडात जायला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड दाखवलं की नाक्यावरून गाडी पुढं. मुलाला अमेरिकेत जायला मात्र व्हिसा लागतो. अर्ज, 185 डॉलर फी, मुलाखतीसाठी महिनोन् महिने थांबणं, आणि एवढं करून 'नाही' म्हटलं तर फी गेली ती गेलीच.

रस्ता एकच, नदीवरचा पूल एकच. पण तो एका भावंडासाठी उघडा आणि दुसऱ्यासाठी अर्धा बंद. हे घरात कुणी नीट सांगितलेलं नाही, म्हणून आई मुलावर आणि बहीण भावावर रुसलेली. सीमेच्या दोन्ही बाजूंना असलेल्या कुटुंबांत आज जी कुरबुर चालली आहे, तिच्या मुळाशी बऱ्याचदा हेच असतं. फक्त मराठी घरांत नव्हे, पिढ्यान् पिढ्या तिथंच राहिलेल्या कॅनेडियन आणि अमेरिकन घरांतही.

'रेसिप्रोकल' म्हणजे काय?

'रेसिप्रोकल' हा शब्द आपल्याकडं घरोघरी पोचला तो 2 एप्रिल 2025 रोजी. त्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी 'रेसिप्रोकल टॅरिफ' जाहीर केले आणि भारताच्या नावापुढं 26 टक्के लिहिलं. तुम्ही आमच्या मालावर कर लावता, तर आम्हीही लावणार. साध्या मराठीत, जशास तसे. कॅनडाचं नाव त्या दिवशीच्या यादीत नव्हतं, कारण कॅनडावर त्याआधीच मार्चमध्ये वेगळ्या आदेशानं 25 टक्के कर बसला होता. वर 'कॅनडा आमचं 51 वं राज्य व्हावं' हे बोलणं चालूच होतं.

पण नात्यात परस्परता म्हणजे जशास तसे नव्हे. ती देवाणघेवाण असते. आपल्याकडं लग्नघरात आहेराची वही ठेवतात. कुणी काय दिलं ते लिहून ठेवायचं, म्हणजे त्यांच्या घरच्या कार्याला तेवढं परत करता येतं. पद्धत चांगली आहे. पण कॉमर्स शिकलेल्या माणसाला त्या वहीतली एक उणीव लगेच दिसते. तिथं फक्त रक्कम लिहिलेली असते. ती रक्कम द्यायला समोरच्याला काय सोसावं लागलं, त्याचा रकाना नसतो. कुणाचे पाचशे वरच्या खिशातले असतात, तर कुणाचे पाचशे पतसंस्थेतून उचललेले. वहीत दोन्ही सारखेच.

कॅनडा-अमेरिकेच्या सीमेवरच्या कुटुंबांचं असंच झालंय. 'आम्ही दोनदा आलो, तुम्ही एकदाच आलात' असा फेऱ्यांचा हिशेब चालतो. एकेका फेरीला कुणाला किती पडतं, याचा हिशेब कुणी करत नाही. आणि ते ओझं दोन्ही देशांचे कायदे वेगवेगळं टाकतात.

व्हिसाचा एकेरी रस्ता

आधी आपल्या माणसांचं बघू. पूर्वी राष्ट्रकुल देशांचे नागरिक कॅनडात कायमचे रहिवासी असतील तर त्यांना अमेरिकेत जायला व्हिसा लागत नसे. भारतीयही त्यात होते. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर अमेरिकेनं नियम आवळले आणि मार्च 2003 पासून ही सवलत बंद केली. कॅनडानं मात्र ग्रीन कार्डवाल्यांची सवलत चालू ठेवली. उलट 2022 मध्ये त्यांच्यासाठी विमानप्रवासाआधीची ऑनलाइन परवानगीची अटही काढून टाकली. म्हणजे एका बाजूनं दार लावलं आणि दुसऱ्या बाजूनं आणखी उघडलं.

यावर भावाकडं एकच कायमचा उपाय आहे, कॅनडाचं नागरिकत्व. त्यासाठी अर्जाआधीच्या पाच वर्षांत किमान 1095 दिवस कॅनडात काढलेले असावे लागतात. ते मिळालं की अमेरिकेत फिरायला जायला व्हिसा लागत नाही. पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. कॅनडाचा पासपोर्ट हातात आला की भारताचा परत करायचा आणि ओसीआय कार्ड घ्यायचं. बहिणीच्या दारात व्हिसाशिवाय उभं राहायचं तर मायदेशाचा पासपोर्ट सोडायचा, असा हा सौदा आहे. काहीजण तो आनंदानं करतात, काहींचा पाय अडखळतो. आईवडील इथं असताना, शेतजमीन नावावर असताना तो अडखळणारच. अशा माणसाला 'तू येत नाहीस' म्हणणं सोपं आहे.

उलटंही होतं, तेही सांगायला हवं. बहीण ग्रीन कार्डावर नसून नवऱ्याच्या किंवा स्वतःच्या नोकरीच्या व्हिसावर, म्हणजे एच-वन-बीवर असेल, तर भारतीय पासपोर्टवर तिलाही कॅनडाचा व्हिसा काढावाच लागतो. तेव्हा कुणाकडं कोणता कागद आहे, हे आधी विचारावं. मग रुसावं.

दोघंही नागरिक असले तरी

आता ज्यांना व्हिसाची भानगडच नाही अशा कुटुंबांकडं वळू. कॅनडाचा नागरिक अमेरिकेत आणि अमेरिकेचा कॅनडात साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत पाहुणा म्हणून राहू शकतो. जगातली ही सर्वांत लांब सीमा, 8891 किलोमीटर. कॅनडाची बहुतेक लोकसंख्या या सीमेला चिकटूनच राहते. कॅनडात जन्मलेली सुमारे आठ लाख माणसं अमेरिकेत आहेत. त्यामुळं एक भाऊ इकडं, एक तिकडं असं असणं हे तिथं आपल्या निपाणी-कागलसारखंच रोजचं आहे.

तरीही तराजू सरळ नाही. दोन उदाहरणं बघा.

दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा कॅनडात डिसेंबर 2018 पासून गंभीर गुन्ह्यांत धरला जातो, कारण त्याची कमाल शिक्षा वाढवून दहा वर्षं केली. परिणाम असा की एखाद्या अमेरिकन मामावर असा गुन्हा शाबित झाला असेल, तर भाचीच्या लग्नाला तो सीमेवरूनच परत पाठवला जाऊ शकतो. खास परवाना काढला तरच आत. कॅनेडियन मामावर असा एकच साधा गुन्हा असेल, तर अमेरिका सहसा त्या कारणावरून त्याला अडवत नाही.

आता दुसरी बाजू. 17 ऑक्टोबर 2018 पासून कॅनडात गांजा कायदेशीर आहे. पण अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात तो अजून गुन्हाच. कायदेशीर होण्याआधी कधी ओढला होता, एवढं जरी एखाद्या कॅनेडियन तरुणानं नाक्यावर कबूल केलं, तरी अमेरिकेचं दार त्याला कायमचं बंद होऊ शकतं. म्हणजे एका देशात मामा अडकतो, दुसऱ्यात भाचा. घरात मात्र 'मामा आलाच नाही' आणि 'भाचा विसरला' एवढंच बोललं जातं. खरं कारण सांगायची लाज वाटते, हा भाग वेगळाच.

मग पैशाचं. 2025 मध्ये एका अमेरिकन डॉलरला साधारण 1.40 कॅनेडियन डॉलर मोजावे लागत होते. बफेलोतल्या 100 डॉलरच्या खोलीला टोरंटोच्या माणसाला घरचे 140 पडतात. टोरंटोतली 140 ची खोली बफेलोच्या माणसाला घरच्या 100 मध्ये पडते. फेरी एकेकच झाली, पण खर्च सारखा नाही.

आजारपणाचं तर विचारूच नका. ओंटारिओचा सरकारी आरोग्य विमा परदेशात इस्पितळात दाखल व्हावं लागलं तर दिवसाला जास्तीत जास्त 400 कॅनेडियन डॉलर देतो, ब्रिटिश कोलंबियाचा 75. अमेरिकेतल्या इस्पितळाच्या बिलापुढं ही रक्कम म्हणजे दर्यात खसखस. त्यामुळं सत्तरीच्या आजोबांना नातवाच्या पदवीदानाला अमेरिकेत न्यायचं तर आधी प्रवास विमा काढावा लागतो. आजोबांना आधीपासून हृदयविकार असेल तर तो विमा आणखी महाग. अमेरिकन आजीचा सरकारी मेडिकेअर विमाही काही मोजके अपवाद सोडले तर कॅनडात चालत नाही. फरक एवढाच की कॅनडातलं बिल सहसा घर विकायला लावत नाही.

कोविडमध्ये दिसलेलं सत्य

हा असमतोल कोविडच्या काळात सगळ्यांना उघड दिसला. 21 मार्च 2020 पासून अनावश्यक प्रवासाला जमिनीवरची सीमा दोन्ही बाजूंनी बंद झाली. त्यातही कॅनेडियन माणूस विमानानं अमेरिकेत जाऊ शकत होता. अमेरिकन माणूस ना विमानानं कॅनडात येऊ शकत होता, ना गाडीनं. जून 2020 मध्ये कॅनडानं नागरिकांच्या जवळच्या नातेवाइकांना सूट दिली. पण आजी-आजोबा, सज्ञान मुलं आणि लग्न न झालेले जोडीदार यांना ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागलं. 'जवळचं नातं' कोणतं, हे सरकारी परिपत्रक ठरवत होतं.

पुढं 9 ऑगस्ट 2021 रोजी कॅनडानं लस घेतलेल्या अमेरिकनांसाठी सीमा उघडली. अमेरिकेनं जमिनीवरची सीमा उघडली 8 नोव्हेंबरला. मधले तीन महिने अमेरिकन माणूस गाडी काढून उत्तरेला जाऊ शकत होता, कॅनेडियन माणूस दक्षिणेला नाही.

त्या काळात ब्रिटिश कोलंबिया आणि वॉशिंग्टन यांच्या हद्दीवरच्या पीस आर्च पार्कमध्ये माणसं भेटत. 1921 मध्ये उभारलेली तिथली कमान दोन्ही देशांच्या मैत्रीची खूण आहे. अमेरिकेच्या बाजूनं तिच्यावर कोरलंय त्याचा अर्थ, एकाच आईची लेकरं. कॅनडानं आपल्या बाजूची बाग जून 2020 मध्ये बंद केली. तेव्हा कॅनेडियन लोक रस्त्याकडेचा उथळ चर ओलांडून अमेरिकेच्या बाजूच्या हिरवळीवर जायचे. तंबू लागले, लग्नं लागली. आपल्याकडंही 2021 मध्ये कर्नाटकानं महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आरटीपीसीआरचा दाखला सक्तीचा केला होता आणि कोगनोळी नाक्यावर गाड्या अडवल्या जात होत्या. तेव्हा माहेरी निघालेल्या किती लेकी अर्ध्या वाटेवरून फिरल्या, हे सीमाभागातल्या वाचकाला सांगायला नको.

2025: 'आम्ही येणार नाही'

कायद्यानं तयार केलेल्या या असमतोलावर 2025 मध्ये राजकारणाचा राग येऊन बसला. आयातकर आणि '51 वं राज्य' यामुळं कॅनेडियन माणूस दुखावला. दुकानांतून अमेरिकन दारू हटली, सुट्ट्या रद्द झाल्या. कॅनडाच्या सांख्यिकी विभागाच्या आकड्यांनुसार, अमेरिकेत गाडीनं जाऊन परतणाऱ्या कॅनेडियनांच्या फेऱ्या त्या वर्षी महिनोन् महिने आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशानं कमी होत्या.

रागाच्या जोडीला नवे नियम आले. 11 एप्रिल 2025 पासून 30 दिवस किंवा अधिक राहणाऱ्या कॅनेडियनांनाही अमेरिकेत नोंदणी करावी लागते. 26 डिसेंबर 2025 पासून येता-जाता परदेशी माणसाचा फोटो घेण्याचा नियम कॅनेडियनांनाही लागू झाला. फ्लोरिडात लेकीकडं हिवाळा काढणाऱ्या आजीला आता 'नोंदणी केलीस का?' असं विचारावं लागतं.

आता कुटुंबाच्या बाजूनं बघा. कॅनडातला भाऊ म्हणतो, "तिकडं पाय ठेवणार नाही." त्याचं तत्त्व आपल्याला समजतं. अमेरिकेतली बहीण म्हणते, "मी काय केलं? मी त्यांना मत दिलं नव्हतं." तिचंही बरोबर. तिनं कदाचित मत दिलंही असेल, तरी ती बहीणच. भाऊ सरकारवर बहिष्कार घालतो, पण त्याची किंमत बहीण भरते. कारण यापुढं भेट व्हायची तर प्रत्येक वेळी गाडी तिनंच काढायची.

मला वाटतं, बहिष्कार टाकायचा भावाला पूर्ण हक्क आहे. पण जो तत्त्व पाळतो त्यानं त्याचा खर्च स्वतःच्या खात्यावर टाकावा, दुसऱ्याच्या नाही. बहीण येते तेव्हा तिच्या मुक्कामाचा, प्रवासाचा भार उचलणं, हा त्या तत्त्वाचाच भाग आहे. नाहीतर तत्त्व भावाचं आणि पेट्रोल बहिणीचं, असा प्रकार होतो.

वाचनालयाचं दार आणि बेटावरचं घर

या बदलाची सर्वांत बोलकी जागा म्हणजे हॅस्केल वाचनालय. अमेरिकेतलं डर्बी लाइन आणि कॅनडातलं स्टॅनस्टेड या दोन गावांच्या बरोबर हद्दीवर 1904 मध्ये ही इमारत मुद्दाम बांधली. फरशीवर काळी पट्टी आहे, तीच आंतरराष्ट्रीय सीमा. पुस्तकं बहुतेक कॅनडात, मुख्य दार अमेरिकेत. शंभर वर्षांहून अधिक काळ कॅनडाचे वाचक तपासणी न होता फुटपाथवरून चालत त्या दारातून आत जात होते. वेगवेगळ्या पासपोर्टमुळं ज्यांना एकमेकांच्या देशात जाता येत नाही, अशी कुटुंबंही इथं येऊन भेटलेली आहेत. मार्च 2025 मध्ये अमेरिकन प्रशासनानं या वाटेवर निर्बंध आणले आणि ऑक्टोबरपासून कॅनेडियनांना अमेरिकेच्या नाक्यावरून जाऊनच मुख्य दार गाठावं लागतं. मग वाचनालयानं वर्गणी गोळा करून कॅनडाच्या बाजूनं वेगळं दार करायला घेतलं. एका घराला दोन दारं. वाटण्या झालेल्या घरांत असं होतं, ते आपण पाहिलेलं आहे.

दुसरी जागा अक्वेसास्ने. मोहॉक या मूळनिवासी लोकांचा हा प्रदेश ओंटारिओ, क्वेबेक आणि न्यूयॉर्क यांत विभागलेला आहे. लोक म्हणतात, आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेनं आम्हाला ओलांडलं. 1794 च्या जे करारानं मूळनिवासींना सीमेपलीकडं मोकळं जाण्या-येण्याचा हक्क मान्य केला होता. कॅनडात जन्मलेल्या आणि किमान निम्मं मूळनिवासी रक्त असलेल्या माणसाला अमेरिका आजही तिथं राहायचा, काम करायचा हक्क देते. कॅनडानं मात्र तसा कायदा कधी केलाच नाही. इथं हात आखडता घेणारा देश कॅनडा आहे, हे नोंदवायला हवं.

रोजचा त्रास तर आणखी वेगळा. 2009 मध्ये कॅनडाचा नाका कॉर्नवॉल बेटावरून उठून नदीपलीकडच्या कॉर्नवॉल शहरात गेला. बेटावर राहणारा माणूस अमेरिकेच्या बाजूला आईला भेटून परतला, की घर वाटेत लागतं, तरी घरी थांबता येत नाही. आधी पूल ओलांडून शहरात जायचं, नाक्यावर वर्दी द्यायची आणि मग मागं फिरून घरी यायचं.

पैसा कोणत्या दिशेला जातो

हा विषय माझ्या आवडीचा, म्हणून थोडं सविस्तर. कॅनडा रहिवासावर कर लावतो, अमेरिका नागरिकत्वावर. म्हणजे कॅनेडियन माणूस अमेरिकेत कायमचा गेला की कॅनडाचं विवरणपत्र सहसा संपतं. अमेरिकन माणूस कॅनडात चाळीस वर्षं राहिला तरी अमेरिकेचं विवरणपत्र संपत नाही. आई अमेरिकन असल्यामुळं जन्मतःच अमेरिकन ठरलेल्या, पण टोरंटोतच वाढलेल्या मुलालाही हे लागू होतं. अमेरिकेबाहेरच्या बँकखात्यांत एकूण शिल्लक वर्षभरात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेली तर त्याची वेगळी माहिती द्यायची. कॅनडात करमुक्त असलेल्या टीएफएसए बचत खात्यावरचं उत्पन्न अमेरिका करपात्र धरते. 2014 च्या करारापासून कॅनडातल्या बँका अशा खात्यांची माहिती कॅनडाच्या कर खात्यामार्फत अमेरिकेला कळवतात. उलट दिशेनं येणारी माहिती मात्र तितकी भरघोस नाही.

भेट रकमेचंही असंच. कॅनडातल्या बापानं अमेरिकन नागरिक असलेल्या लेकीला घरासाठी वर्षात एक लाख अमेरिकन डॉलरपेक्षा जास्त दिले, तर तिच्यावर कर नाही, पण तिला फॉर्म 3520 भरावा लागतो. विसरली तर रकमेच्या 25 टक्क्यांपर्यंत दंड. अमेरिकन बापानं कॅनडातल्या कॅनेडियन लेकीला तेवढेच दिले तर लेकीला काही कळवावं लागत नाही. 2025 मध्ये 19,000 डॉलरच्या वर दिलं असेल तर कागद भरायचा तो बापानं. प्रेम सारखंच, पण कागद कुणाच्या डोक्यावर पडतो ते दिशेवर ठरतं.

साध्या पार्सलचं बघा. टपालानं पाठवलेली भेटवस्तू कॅनडात 60 कॅनेडियन डॉलरपर्यंत करमुक्त, अमेरिकेत 100 अमेरिकन डॉलरपर्यंत. अमेरिकेनं 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांची सवलत 29 ऑगस्ट 2025 पासून काढून घेतली, तेव्हा आपल्या टपाल खात्यालाही अमेरिकेची पार्सलं काही आठवडे थांबवावी लागली होती. चिवडा-लाडूचे डबे बांधून बसलेल्या घरांना ते आठवत असेल.

म्हाताऱ्या आईनं कुठं राहायचं?

सगळ्यांत कठीण प्रश्न हा. अमेरिकेचा 21 वर्षांवरचा नागरिक आपल्या आईवडिलांना कायमचं बोलावू शकतो आणि त्याला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. कॅनडात तसं नाही. तिथं आईवडिलांसाठीच्या जागा मर्यादित आणि निमंत्रण आलं तरच अर्ज करता येतो. 2020 साली ज्यांनी नावं नोंदवली, त्यांच्यातूनच पुढची कित्येक वर्षं निमंत्रणं काढली गेली. त्याला पर्याय म्हणून सुपर व्हिसा आहे. एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण खासगी आरोग्य विमा काढावा लागतो आणि आई पाहुणीच राहते.

त्यामुळं भावंडांत एक कॅनडात आणि एक अमेरिकन नागरिक असेल, तर आईची जबाबदारी बऱ्याचदा अमेरिकेतल्या भावंडावर जाते. ते जास्त प्रेमळ म्हणून नव्हे, कायद्यानं त्याला सोपं म्हणून. मग काही वर्षांनी 'आईचं सगळं मीच केलं' हे वाक्य येतं. ते खोटं नसतं. पण दुसऱ्यानं करायचं नाकारलं होतं, हेही खरं नसतं.

मग हिशेब कसा ठेवायचा?

दोन्ही सरकारं उद्या शहाणी होतील अशी आशा ठेवून घरातली भांडणं मिटत नाहीत. कायदा बदलायचाच तर 2003 मध्ये काढून घेतलेली पीआरधारकांची सवलत परत द्यावी, निदान सख्ख्या नातेवाइकांपुरती तरी. पण तोवर कुटुंबांच्या हातात काही गोष्टी आहेत.

पहिली, कागद उघड करावा. आपल्याला का येता येत नाही ते स्पष्ट सांगावं. लाजून 'सुट्टी नाही' म्हटलं की समोरचा वेगळाच अर्थ काढतो. दुसरी, ज्याला जाता येत नाही त्यानं दुसऱ्या रकान्यात भरावं. खर्च, मुक्काम, मुलांची सुट्टी, आईच्या औषधांचा भाग, जे जमेल ते. तिसरी, मोठ्या रकमा सीमेपलीकडं पाठवण्याआधी दोन्ही देशांचे कर जाणणाऱ्या माणसाला विचारावं. फी वाचवायला गेलं तर दंड भरावा लागतो. आणि चौथी, फेऱ्या मोजायचं बंद करावं. ज्याला सोपं आहे त्यानं जास्त वेळा जावं, ज्याला अवघड आहे त्यानं त्याची जाण ठेवावी.

काकूंना हे सगळं सांगायला दोन कप चहा लागले. ग्रीन कार्ड आणि पीआर यांतला फरक त्यांनी दोनदा विचारून घेतला. मग थोडा वेळ गप्प बसल्या. शेवटी म्हणाल्या, "त्यानं सांगायचं की मग! मला काय कळतंय व्हिसातलं." आणि लगेच पुढं, "पण जाता येत नसलं म्हणून काय झालं? तिच्या गाडीचं पेट्रोल तरी ह्यानं घालावं."

त्याच रात्री त्यांनी मुलाला फोन लावला. पेट्रोलचं बोलल्या का, ते मी विचारलं नाही. पण मुलीनं दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं की दादानं पुढच्या वेळेपासून मुक्कामासाठी घराजवळची खोली त्याच्या खर्चानं घ्यायचं ठरवलंय, आणि व्हिसाचा अर्जही भरलाय. मुलाखतीची तारीख अजून लांब आहे.